खेळातला वाईट माणूस कसा दिसतो?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला इथं बोलावलं तेव्हा संयोजकांनी फोनवर विचारलं, "तुमची ओळख काय करून देऊ?" मी म्हटलं, "शेवटच्या वर्षाला असताना आम्ही सात जणांनी एक व्हिडिओ गेम केला. त्याची मी आर्ट डायरेक्टर होते." ते म्हणाले, "म्हणजे त्यातली चित्रं तुम्ही काढली." घरीही असंच आहे. पाहुणे आले की अब्बा सांगतात, "बेटी कार्टून बनाती है." मी आता दुरुस्त करणं सोडून दिलंय.

पण आज तुमच्यासमोर दुरुस्त करते. टीममध्ये चित्रं काढणारे आम्ही तिघं होतो आणि त्या नऊ महिन्यांत सगळ्यांत कमी चित्रं मी काढली. माझं काम ठरवण्याचं होतं. तिघांच्या हातून निघालेलं सगळं एकाच जगातलं वाटलं पाहिजे. आणि खेळणाऱ्याला एकही शब्द न सांगता तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: कुठं जायचं, धोका कुठं आहे आणि आपलं कोण आहे. यातली तिसरी गोष्ट लक्षात ठेवा. माझं आजचं बोलणं तिच्याबद्दल आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. विद्यार्थ्यांनी केलेला गेम म्हणजे मार्कांपुरतं प्रोजेक्ट, असं आपल्याला वाटतं. अमेरिकेत डिजिपेन नावाच्या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी २००५ साली 'नार्बॅक्युलर ड्रॉप' नावाचा छोटा गेम केला. भिंतीत एक दार उघडायचं आणि दुसऱ्या भिंतीतून बाहेर पडायचं, एवढीच त्यातली गंमत. व्हॉल्व्ह कंपनीनं ती टीमच कामावर घेतली आणि २००७ साली 'पोर्टल' आला. त्याच २००५ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी 'क्लाउड' केला. दवाखान्यात खाटेवर पडलेला मुलगा ढगांमध्ये उडतो, असा तो खेळ. त्यातल्या काही जणांनी पुढं 'जर्नी' केला, २०१२ साली. तुमच्यापैकी काहींनी तो खेळला असेल. लाल झगा घातलेली एक आकृती, चेहऱ्यावर फक्त दोन डोळे, चारही बाजूंना वाळू. तरीही ती आकृती आपली वाटते. हे आर्ट डायरेक्शन.

आमच्या गेमची कल्पना माझ्या गावातून आली. माझं गाव छत्रपती संभाजीनगर, आपल्या बोलण्यातलं औरंगाबाद. मलिक अंबरनं १६१० साली खडकी वसवली, तेच हे शहर. शहराला पाणी मिळावं म्हणून त्यानं जमिनीखालून नहर आणली. डोंगराकडचं पाणी, पंप नाही, इंजिन नाही, फक्त उताराच्या हिशेबावर शहरात यायचं. पुढं याच पद्धतीच्या दुसऱ्या एका नहरीवर पाणचक्की चालली. लहानपणी शाळेची सहल तिथं जायची तेव्हा मला एकच प्रश्न पडायचा, हे पाणी येतं कुठून?

तोच आमचा खेळ झाला. शहराचं पाणी अचानक बंद होतं. दहा वर्षांची एक मुलगी नहरीत उतरते आणि पाणी कुठं अडलंय ते शोधत उलट दिशेनं चालत जाते. बस्स.

पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या उत्साहानं मूड बोर्ड केला. मूड बोर्ड म्हणजे आपला गेम कसा दिसावा हे सांगणारी चित्रं एकत्र लावलेला तक्ता. इंटरनेटवरून गोळा केलं सगळं: सोनेरी वाळू, कांद्यासारखे घुमट, रंगीत काचेचे कंदील, खजुराची झाडं. टीमला फार आवडलं. सुट्टीत घरी गेले तेव्हा लॅपटॉपवर अम्मीला दाखवलं. तिनं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "अच्छा है. पर ये किदर का है?"

मी म्हटलं, "अपनाच शहर है अम्मी."

"अपने शहर में रेत किदर है?"

त्याच महिन्यात मी मित्रांना एक किस्सा हसत हसत सांगितला होता. 'मॉडर्न वॉरफेअर २' या २००९ सालच्या गेममध्ये कराचीचा नकाशा आहे आणि तिथल्या दुकानांच्या पाट्या अरबीत आहेत. कराचीत पाट्या उर्दूत असतात. एवढी मोठी कंपनी, एवढे पैसे, आणि कुणालाही विचारावंसं वाटलं नाही. मी त्यांना हसले होते आणि स्वतः औरंगाबादेत वाळवंट आणून ठेवलं होतं. त्यांना परक्याचं शहर माहीत नव्हतं. मला माझं माहीत होतं, तरी मी इंटरनेटला विचारलं.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन बाहेर पडले. चार दिवस फिरले. आपल्याकडचा दगड काळा आहे, बेसाल्ट. त्यावर चुन्याचा गिलावा, आणि जिथं गिलावा पडलाय तिथं आतून काळा दगड डोकावतो. पावसाळ्यानंतर भिंतींवर शेवाळ. जुन्या घरांचे दरवाजे पोपटी किंवा फिक्या निळ्या रंगाचे. पत्र्याच्या छपरावर वाळत घातलेल्या मिरच्या. शेजारच्या ओट्यावर तुळस. यातलं काहीही माझ्या मूड बोर्डवर नव्हतं.

बीबी का मकबऱ्यापाशी तर मला बजेटचा धडा मिळाला. ताजमहालाशी तुलना करून त्याला हसणारे पुष्कळ आहेत. पण नीट बघा. संगमरवर कुठं वापरलाय? खाली, माणसाच्या नजरेच्या उंचीपर्यंत, आणि वर घुमटाला. मधला बराचसा भाग दगडाचा, त्यावर बारीक घोटलेला गिलावा. पैसा मर्यादित होता म्हणून जिथं नजर जाते तिथं तो खर्च केला. तीन चित्रकार आणि नऊ महिने असलेल्या टीमला यापेक्षा चांगला गुरू कोण मिळणार?

परत गेल्यावर मी एक पानाचा कागद केला आणि सगळ्यांच्या टेबलासमोर चिकटवला. त्यावर चारच नियम होते.

पहिला, मुख्य रंग तीनच: दगडाचा काळा, चुन्याचा पांढरा, पाण्याचा हिरवट निळा. जिथं निळा दिसेल तिथं वाट आहे. दुसऱ्या कशालाही तो निळा द्यायचा नाही, मग ते कितीही सुंदर दिसत असो.

दुसरा, प्रत्येक दृश्य आधी कृष्णधवल करून बघायचं. रंग काढून टाकल्यावरही वाट दिसली तर दृश्य पास. रंगांवर भरवसा ठेवता येत नाही. कुणाचा स्क्रीन जुना असतो, कुणी भर उन्हात खेळतं, कुणाला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही.

तिसरा, प्रत्येक पात्र पूर्ण काळं भरून बघायचं, नुसती सावली. सावलीवरून ओळखू आलं पाहिजे. २००७ सालच्या 'टीम फोर्ट्रेस २'मध्ये नऊ पात्रं आहेत आणि लांबून नुसत्या आकारावरून नऊही वेगळी कळतात.

चौथा, पुढं काहीही नवीन सुचलं तर आधी काहीतरी जुनं काढायचं.

हा चौथा नियम सगळ्यांत जड गेला. आम्ही पाच ठिकाणं ठरवली होती, शेवटी दोनच केली. माझ्या मैत्रिणीनं तीन आठवडे खपून बाजाराचं दृश्य काढलं होतं. ते मी रद्द केलं. ती रडली. दृश्य उत्तम होतं, पण बाजार आला असता तर नहर अर्धवट राहिली असती. आर्ट डायरेक्टर म्हणजे चांगल्या चित्राला नाही म्हणणारी व्यक्ती, हे त्या दिवशी कळलं. आणि नाही म्हणायचं तर शेजारी बसून, कारण सांगून म्हणायचं, हेही कळलं. ते मला नेहमी जमलं मात्र नाही. आता तेच सांगते.

पाणी अडवणाऱ्या शिपायांची पात्रं टीममधल्या एका मुलाकडे होती. त्यानं पहिलं चित्र ग्रुपवर टाकलं. हिरवा फेटा, डोळ्यांत सुरमा, टोकदार दाढी, गालावर व्रण. आमच्या गेममधली चांगली माणसं साधी होती, त्यांचा धर्म कळत नव्हता. ओळखू येत होते ते फक्त वाईट. मी भडकले. सगळ्यांसमोर लिहिलं, "तुला मुसलमान म्हटलं की एवढंच दिसतं का?" तो म्हणाला, "मी मुद्दाम नाही केलं. नेटवर संदर्भ शोधले, हेच आलं." मी ऐकून घेतलं नाही. दोन दिवस तो कॉलेजला आला नाही.

पुढच्याच आठवड्यात आम्ही गेम काही जणांना खेळायला दिला. याला प्लेटेस्ट म्हणतात. आपण काही बोलायचं नाही, फक्त बघायचं. माझ्या खालाचा आठ वर्षांचा मुलगा खेळत होता. गेममध्ये एक भिश्ती आहे, मशकीतून पाणी वाहणारा. मुलगी अंधारात अडकते तेव्हा तो तिला वाट दाखवतो. ते पात्र मी स्वतः काढलं होतं. पूर्ण गेममध्ये मी जीव लावून काढलेलं एकमेव पात्र. भिश्ती समोर आला आणि पोरानं मुलीला उलट पळवलं. पुन्हा आला, पुन्हा पळवलं.

मला राहवलं नाही. विचारलं, "क्यूँ भाग रहा?"

"बाजी, ये गंदा आदमी है ना?"

"किसने बोला?"

"दिखताइच वैसा है."

रात्री मी ते चित्र काळं भरून बघितलं. माझाच तिसरा नियम. उंच, अरुंद, टोकदार खांदे, टोकदार दाढी, पुढं झुकलेली मान. गेमच्या चित्रकलेत एक साधी भाषा असते: गोल आकार मायाळू वाटतो, चौकोन भक्कम वाटतो, त्रिकोण धोक्याचा वाटतो. माझा भिश्ती सगळा त्रिकोणांचा होता. वर तो अंधारातून येत होता आणि चेहऱ्यावर उजेड नव्हता.

ती दाढी मी माझ्या नानांच्या फोटोवरून काढली होती.

मी लहानपणापासून जे गेम खेळत आले, त्यांत अशा दिसणाऱ्या माणसांवर गोळ्या झाडायच्या असायच्या. मीही झाडल्यात. हात शिकतो ते डोळ्यांनी पाहिलेलं. मनात नानांचं प्रेम होतं, पण हातात तेच त्रिकोण होते. ज्या गोष्टीसाठी मी त्या मुलाला सगळ्यांसमोर बोलले, तीच मी केली होती. तीही माझ्याच माणसाबाबत.

सकाळी मी ग्रुपवर त्याची माफी मागितली. सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून माफीही सगळ्यांसमोर. आणि भिश्तीचं चित्र दाखवून विचारलं, "हे दुरुस्त कसं करू?" उत्तर त्यानंच दिलं. तो म्हणाला, "चेहरा बदलू नकोस. आधी त्याला काम करताना दाखव."

तेव्हा मी मलिक अंबरची चित्रं शोधायला लागले. दोन सापडली. ती तुम्हीही जरूर बघा, इंटरनेटवर दोन्ही आहेत.

पहिलं डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. साधारण १६१६ सालचं, चित्रकार अबुल हसन. बादशहा जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बाण मारतोय. निशाणा आहे भाल्यावर खोचलेलं मलिक अंबरचं शिर. शिरावर घुबड. प्रत्यक्षात असं कधीच घडलं नाही. मलिक अंबर मुघलांच्या हाती कधी लागला नाही. १६२६ साली तो वृद्धापकाळानं वारला, त्याची कबर खुलताबादला आहे. रणांगणावर जे जमलं नाही ते बादशहानं कागदावर करून घेतलं.

दुसरं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चित्रकार हाशिम. यात मलिक अंबर उभा आहे, पांढऱ्या पोशाखात, एका बाजूनं दिसणारा सावळा चेहरा. वय झालेलं, पण नजर शांत. बघताक्षणी कळतं, हा मोठा माणूस आहे. आणि हा हाशिमसुद्धा मुघल दरबाराचाच चित्रकार.

म्हणजे बघा, एकच दरबार आणि एकच माणूस. एका चित्रात तो शिकार आहे, दुसऱ्यात माणूस. काढून घेणारा बादशहाही मुसलमान, ज्याचं शिर दाखवलं तोही मुसलमान. त्यामुळे "ते आपल्याला वाईट दाखवतात" एवढं म्हणून भागत नाही. ज्याच्या हातात कुंचला आहे त्याला दर वेळी निवड करावी लागते. आपल्या हातात आला तर आपल्यालाही.

आम्ही काय बदललं ते सांगते. भिश्तीची दाढी तशीच ठेवली, सुरमाही ठेवला. पाठीवरची मशक मोठी आणि गोल केली, त्यामुळे पूर्ण सावली गोल झाली. तो पहिल्यांदा दिसतो तेव्हा एका गाढवाला पाणी पाजत असतो. पाण्यावरून परतलेला उजेड खालून त्याच्या चेहऱ्यावर पडतो. मावसभावाला पुन्हा खेळायला बसवलं. तो थेट भिश्तीकडे गेला.

शिपायांचं काम जास्त अवघड होतं. आधी इतिहास बघितला. मलिक अंबरच्या काळात निजामशाहीच्या फौजेत हबशी होते, दखनी मुसलमान होते, मराठे होते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूनं लढले. कपड्यांवरून, दाढीवरून बाजू ओळखायची सोयच नव्हती. म्हणून आम्हीही ठरवलं, गेममध्ये कुणाच्याही पोशाखावरून तो चांगला की वाईट हे कळणार नाही. कळेल ते हातातल्या कामावरून. जो पाण्याची दारं बंद करतो तो अडवणारा.

याची किंमत मोजावी लागली, तीही सांगते. परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेरा दिला की शत्रू ओळखायला खेळाडूला वेळ लागतो. बरोबर होतं ते. ठरावीक साच्यातला खलनायक क्षणात कळतो, म्हणूनच तर सगळे तो वापरतात. साचा सोडायचा तर तितक्याच झटपट कळणारं दुसरं काहीतरी शोधावं लागतं. आम्ही त्यांच्या चालीवर काम केलं, दार सरकण्याचा आवाज दिला, दाराच्या कडीला गंज दिला. तरी ते पूर्ण जमलं नाही. वेळ संपला. गुण बरे मिळाले, बक्षीस मिळालं नाही. दुसऱ्या भागात पाणी वाहताना जुन्या लॅपटॉपवर गेम अजूनही अडकतो.

तुमच्यापैकी ज्यांना हे करावंसं वाटतं त्यांच्यासाठी थोडं कामाचं. महागड्या सॉफ्टवेअरची वाट बघू नका. चित्रांसाठी क्रिटा, थ्रीडीसाठी ब्लेंडर, गेम बांधायला गोडो, तिन्ही फुकट आहेत. एकट्यानं मोठा गेम काढू नका. तिघंचौघं मिळून एका खोलीचा गेम करा आणि पूर्ण करा. ग्लोबल गेम जॅम दरवर्षी जानेवारीच्या सुमारास भरतो, त्यात दोनतीन दिवसांत गेम करायचा असतो, तिथं जा. आपल्या राज्यातही गेम बनतात. 'राजी' हा गेम पुण्यातल्या टीमनं केला, २०२० साली आला आणि जगभर खेळला गेला.

पण त्याआधी एक वही घ्या आणि आपल्या मोहल्ल्यात फिरा. जे दिसेल तेच काढा. रेत नसेल तर रेत काढू नका.

आणि पुढच्या वेळी कुठल्याही खेळात, सिनेमात, फॉरवर्ड आलेल्या व्हिडिओत एखादा माणूस बघताक्षणी वाईट वाटला, तर क्षणभर थांबून स्वतःला विचारा: यानं काही वाईट केलंय, की हा नुसता तसा दिसतोय? तो माणूस आपल्यातला असो वा दुसऱ्यातला, प्रश्न तोच ठेवा. मला तो आठ वर्षांच्या पोरानं शिकवला.

अम्मीनं शेवटी पूर्ण गेम खेळला. बटणं दाबायला मावसभाऊ होता, सूचना तिच्या. भिश्ती दिसल्यावर ती म्हणाली, "अब्बा जैसा दिखता." मग थोडं थांबून म्हणाली, "उनकू पानी की बहुत फिक्र रहती थी."